जुळलेल्या दोन सह्या

एक

शामकांत निऱ्हाळी सकाळच्या एस.टी.तून तळेदैठणला उतरला, तेव्हा ज्याला भेटायला तो आला होता तो माणूस आपल्याच अंगणात, गुरांच्या दगडी डोणीपाशी पालथा पडला होता. कोणीतरी त्याच्या अंगावर धोतर पांघरले होते. ते आखूड पडले होते. टाचा उघड्याच होत्या, आणि टाचांच्या भेगांत धाब्याच्या छपरावरची पांढरी माती भरलेली होती.

मार्गशीर्ष चालू होता, तरी हवेत गारवा नव्हता. त्या वर्षी, बहात्तर साली, पाऊस आलाच नव्हता. शेवगावच्या पूर्वेकडचा तो सारा मुलूख पालथ्या परातीसारखा कोरडा पडला होता, आणि वरचे आभाळ इतके निर्मळ होते की त्या निर्मळपणाचेच भय वाटावे. अशा आभाळाकडे आनंदाने पाहणारा माणूस गावात एकच होता: दत्तोपंत निसळ, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गाव त्यांना चांदोबामास्तर म्हणे. अंतराळात जाऊन आलेल्या माणसांना ते पत्रे लिहीत. उत्तरादाखल आलेली छायाचित्रे, टपालाचे शिक्के, सह्या जिवापाड जपत. त्या साऱ्या संग्रहात गावाला अभिमान होता तो एका सहीचा. चंद्रावर पाऊल ठेवून आलेला वीर तीन वर्षांपूर्वी मुंबईत आला, तेव्हा मास्तरांनी ती त्याच्या हातून, समोरासमोर घेतली होती. तिच्या खरेपणाचा दाखला द्यायला, शाळेत अंतराळ दालन उभारणाऱ्या संस्थेने शामकांतला नगरहून बोलावले होते. तो हस्ताक्षरपरीक्षक होता. न्यायालयात साक्षी देणे हा त्याचा धंदा, आणि माणसांहून माणसांच्या अक्षरांत अधिक रमणे ही त्याची खोड.

"तुम्हीच ना ते?" ओसरीवरून एक बाई म्हणाली. मास्तरांची अविवाहित मुलगी, नीलांबरी. त्याच शाळेत मराठी शिकवणारी. तिचे डोळे कोरडे होते. "या. अण्णांनी तुमच्यासाठी सगळं मांडून ठेवलं आहे."

माडीवरच्या खोलीत खिडकीखाली टेबल होते. त्यावर एकाच वीराची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवलेली होती. डावीकडचे टपालाने आलेले, उजवीकडचे मुंबईचे. दोहोंच्या मध्ये बहिर्गोल भिंग, पुसून स्वच्छ केलेले. पाहुण्यासाठी ताट वाढून ठेवावे तशी ती मांडणी होती.

"इथून वर धाब्यावर जिना जातो," नीलांबरी म्हणाली. "पहाटे ते तारे पाहायला वर जात. आज..."

जिन्यावर बूट वाजले. फौजदार घोलप आत आला आणि टोपी काढून, पण आवाज न उतरवता म्हणाला, "बाई, धीर धरा. पाय घसरून पडलेले नाहीत ते. ढकललंय. आणि ढकलणारा आमच्या चौकीत बसलाय."

दोन

ढकलणारा म्हणून धरला होता तो गहिनीनाथ. बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. कधी काळी तो मास्तरांचाच विद्यार्थी. आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो मास्तरांकडे आला होता. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. शेजारच्या मालनबाईंनी भिंतीपलीकडून मास्तरांचे शब्द स्पष्ट ऐकले होते: "जीव गेला तरी ती तुला देणार नाही!"

"आता ती म्हणजे कोण, हे काय पंचांग बघून सांगायला पाहिजे?" घोलप म्हणाला. "ही सही. आणि ह्या बघा त्याच्या दुकानात सापडलेल्या काचा. दोन्ही सह्यांच्या निगेटिव्ह."

"प्रदर्शनाला मोठ्ठे फोटू लावायचे म्हणून मीच काढायला सांगितले हुते," दारातून आवाज आला. संस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव, सरकी-कापसाचे अडते, धापा टाकीत आत आले. त्यांनी मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला आणि तिच्यातच बसले. "साहेब, वाईट झालं. लई वाईट. पण दालनाचं काम थांबायचं न्हाई. मास्तरांचंच नाव देऊ दालनाला. तुमी तेवढा दाखला लिहा."

शामकांतने दोन्ही काचा उचलल्या. एकाच अंतरावरून, एकाच मापाने काढलेल्या होत्या. त्याने एकीवर दुसरी ठेवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दोन सह्या हलकेच एकमेकींच्या जवळ सरकल्या, एकमेकींत शिरल्या आणि एकच उरली.

"वा!" श्रीमंतराव उठून उभे राहिले. "केसाचा फरक न्हाई! आता काय पायजे?"

शामकांतने काचा वेगळ्या करून पुन्हा जुळवल्या. बाहेरचे ऊन एकाएकी परके वाटू लागले.

"श्रीमंतराव, तुम्ही काल किती सह्या केल्या असतील?"

"दुष्काळी कामाची कागदं हाएत. पाच-पन्नास केल्या असतील."

"त्यातल्या कोणत्याही दोन अशा जुळणार नाहीत. जिवंत हात दोनदा तीच सही करू शकत नाही. श्वास बदलतो, कागद सरकतो, मन दुसरीकडे जातं. सारख्या दिसतात त्या खऱ्या. तंतोतंत जुळतात तिथे एक दुसरीवरून गिरवलेली असते." त्याने उजवीकडचे छायाचित्र भिंगाखाली घेतले. शाईच्या रेषेखाली कागदात बारीक चर होता. कोणीतरी आधी टोकदार वस्तूने दाबून गिरवले होते आणि मग त्या चरातून पेन चालवले होते. "मुंबईची म्हणतात ती ही सही खोटी आहे."

श्रीमंतराव पुन्हा खुर्चीत बसले. मग घोलपने समाधानाने मांडीवर थाप मारली.

"म्हणजे खरी त्यानं पळवली, खोटी इथं ठेवली. मास्तरांनी ओळखली, पोरानं मास्तरांना संपवलं. साहेब, आमच्या खटल्यात एक फट हुती. ती तुमी बुजवलीत."

तीन

चौकीच्या पायरीवर एक म्हातारी उकिडवी बसली होती. दुष्काळी कामावर खडी फोडून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि चिरांत दगडाची भुकटी.

"तुमीच का वो ते अक्षर वळकनारे?" तिने विचारले. "मी गहिनीची आई, साळूबाई. त्याचा बाप गेला तवा मास्तरांनी त्याला पदराखाली घेतला. फोटूचं यंत्र त्यांनीच घिऊन दिलं. त्यो मास्तरांवर हात उचलंल? कुत्रं तरी खाल्ल्या भाकरीला जागतं, साहेब."

"मग तो बोलत का नाही?"

"त्येच तर! काल रातच्याला घरी आला तवाबी बोलला न्हाई. भाकर तशीच ठिवली. फाशी हुईल म्हनत्यात." तिने त्याचा सदरा धरला, आणि मळेल म्हणून लगेच सोडला. "तुमच्या एका शबुदानं फास आवळलाय म्हनत्यात. खरं हाय का?"

शामकांत तिच्या बाजूने पायरी चढला. खरे होते.

आत गहिनीनाथ भिंतीला टेकून बसला होता. तिशीचा, कष्टाळू चेहऱ्याचा. शामकांतने त्याला सही दाखवली, चर दाखवला. त्याने पाहिले न पाहिल्यासारखे केले.

"ही तू गिरवलीस?"

"व्हय."

"कशावर ठेवून? कशाने?"

"...पेनानं."

"पेनाने आधी चर पडत नाही, गहिनीनाथ. आणि मास्तरांना कळलं असतं, तर त्यांनी आज सकाळी दोन्ही माझ्यासाठी मांडून ठेवल्या नसत्या. तुझं नाव घेऊन आरडाओरडा केला असता. तू जे केलंच नाहीस ते तुला सांगताही येत नाही."

"आता सांगायचं काय राह्यलं? मी केलं म्हनतोय न्हवं? लिहून घ्या आन् मिटवा."

शामकांत उठला. जाता जाता, नीलांबरीने सकाळी सहज सांगितलेली एक गोष्ट आठवून त्याने विचारले, "मुंबईला मास्तरांबरोबर तूच गेला होतास ना?"

इतका वेळ मेलेल्या त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती उगवली. गहिनीनाथ गुडघ्यांवर पुढे सरकला आणि दबलेल्या आवाजात म्हणाला, "साहेब, पाया पडतो. मला काय करायचं ते करा. मुंबईचं नाव काढू नका."

चार

दुपार कलली तेव्हा शामकांत पुन्हा माडीवर होता. खाली डॉक्टर येऊन गेले होते. बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. पश्चिमेचे ऊन खिडकीतून आडवे येऊन टेबलावर पसरले होते. अशा आडव्या उजेडात कागद आपले जुने घाव दाखवतो. शामकांतने ते छायाचित्र उजेडाच्या धारेत तिरके धरले.

सहीचे चर सावल्यांनी भरले. आणि त्यांच्या पुष्कळ वर, चकचकीत कागदाच्या अगदी माथ्यावर, जिथे शाईचा थेंबही नव्हता, तिथे आणखी एक आकृती उमटलेली दिसली. शाईवाचून, रंगावाचून, कागदाने फक्त सोसलेली.

त्याने भिंग सरकवले. मग भिंग खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहिले. मग म्हणाला, "नीलांबरीताई, इकडे या. हे वाचा."

ती वाकली. "श्री," ती म्हणाली, आणि दचकली.

"चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाने सही करण्याआधी वर श्री काढला असेल?"

"पण हे..."

"गिरवणाऱ्याने सही उतरवून घेतलेला पातळ कागद ह्यावर ठेवला. वरची जागा कोरी आणि मन सहीच्या वळणात गुंतलेलं. हाताने मात्र आपलं काम केलं. आपल्याकडे कोऱ्या कागदावर पहिली रेघ कशाची ओढतात? पाच वर्षांचं असताना बापाने हात धरून पाटीवर जे गिरवून घेतलं, त्याचीच. तो श्री वरच्या कागदावर राहिला. त्याचा घाव खाली उतरला."

"आमच्या घरात श्री?" तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होते, ते तिथेच थिजले. "अण्णा उत्तरपत्रिकेवर श्री दिसला की गुण कापायचे. म्हणायचे, आभाळात श्री नाही, वायूचा दाब आहे, तापमान आहे. माझ्या लग्नाच्या बोलण्यांत पत्रिकेवर श्री लिहायला नकार दिला म्हणून एक स्थळ परत गेलं."

मागे घोलप येऊन उभा राहिला होता. "मास्तर लिहीत नव्हते ना? मग झालं. गहिनीनाथाच्या घरी नाथांची गादी आहे. सकाळ-संध्याकाळ धूप. श्री त्याचाच. उद्या नगरला रवाना करतो त्याला."

तो गेला. जिन्यावरचे बूट थांबले, तरी त्यांचा आवाज खोलीत राहिला. शामकांतला वाटले, आपण उचललेला प्रत्येक दगड त्या पोराच्याच अंगावर पडतो आहे.

पाच

परंतु अक्षराला जात नसते, गादी नसते. त्याला फक्त हात असतो. त्या उमटलेल्या श्रीची वेलांटी वर जाऊन मागे वळत होती आणि शेवटी एक घट्ट गाठ मारत होती. आता ते अक्षर काढणारा हात शोधायचा होता. पण जो माणूस श्री लिहीतच नाही, त्याचा श्री मिळणार कुठून?

शामकांत भिंतीवरच्या मांडणीपुढे उभा राहिला. प्रत्येक पाकिटाखाली, प्रत्येक कात्रणाखाली मास्तरांच्या हातची टाचणचिठ्ठी होती. चंद्रमोहिमा, उपग्रह, रशियन टपालाचे शिक्के. एका कात्रणावर समुद्रकाठी उभे असलेले छोटे अग्निबाण होते. गेल्या वर्षीचे, आपल्याच देशातले. त्याच्या खालच्या चिठ्ठीवर मास्तरांनी लिहिले होते: श्रीहरिकोटा.

भूगोलाच्या माणसाला गावाचे नाव बदलता येत नाही.

वेलांटी वर गेली होती, मागे वळली होती आणि गाठ मारून थांबली होती.

त्याने चिठ्ठी काढून नीलांबरीसमोर छायाचित्राशेजारी ठेवली. तिने चिठ्ठीवरच्या वेलांटीवरून बोट फिरवले. खाली कोणीतरी रडू लागले आणि थांबले.

"मुंबईहून आले त्या संध्याकाळी," ती अखेर म्हणाली, "त्यांनी माझ्याकडे भरतकामाचा ट्रेसिंगचा कागद मागितला. आणि कडक शिसाची पेन्सिल. मी विचारलंही नाही कशाला. बाहेर लेझीम वाजत होतं."

"लेझीम?"

"मास्तर चंद्रवीराची सही आणणार म्हणून सगळी शाळा एस.टी.स्टँडवर उभी होती. श्रीमंतरावांनी हार आणले होते. गाडीतून उतरता उतरता कोणीतरी विचारलं, 'मिळाली का?' अण्णा म्हणाले, 'मिळाली.' मग मुलांनी त्यांना खांद्यावर घेतलं. सही उद्या दाखवीन म्हणाले." तिने डोळे मिटले. "छायाचित्रं कोरी किती तरी होती. अमेरिकन वाचनालयातून मागाल तितकी यायची."

चौकीत गहिनीनाथने ती चिठ्ठी पाहिली आणि तोंड झाकले. मग तो बोलू लागला, तेव्हा त्याच्या शब्दांत शाळेतल्या मुलासारखी घाई होती.

"मैदानात मुंगीला रीघ न्हवती, साहेब. त्यो मानूस आमी पाह्यला, पर नखाएवढा. मास्तरांचा चष्मा फुटला. गाडीत सारा रस्ता गप. मला वाटलं, खरं सांगतील. पर पोरं नाचायला लागली... मीबी नाचलो, साहेब. तीन वर्सं नाचलो."

"आणि काल?"

"तुमी येनार कळल्यावर मी गेल्तो. म्हनलं, मास्तर, ती मला द्या. मी जाळतो. गहिनीनं चोरली म्हना, मी जेलात जातो, तुमचं नाव राहील. तर वरडले. 'जीव गेला तरी ती तुला देणार नाही. माझ्या चोरीसाठी तुला चोर करू?' असं म्हनले. मालनबाईनं पयलंच ऐकलं, पुढलं न्हाई."

म्हणजे ते ताट वाढले होते ते पाहुण्यासाठीच. तोंडाने कबूल करणे जमले नाही. म्हणून त्यांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या, भिंग पुसले, आणि पारखी येण्याआधी वर निघून गेले. शामकांतला आपल्या बॅगेतल्या भिंगाचे ओझे वाटले.

"आता कुनाला सांगू नका," गहिनीनाथ म्हणाला. "मास्तरांनी जे घेतलं न्हाई ते मी देतोय. मरू द्या मला त्यांच्या नावावर."

सहा

"फौजदारांना मला सांगावंच लागेल," शामकांत नीलांबरीला म्हणाला. "पण फार तर फौजदारांपुरतं ठेवता येईल. गावात अपघात म्हणू."

"आणि गहिनीनाथ सुटला कसा, ह्याचं उत्तर गाव काय देईल? पैसे चारले म्हणेल. जन्मभर खुनी म्हणूनच जगेल तो." तिने टपालाचे छायाचित्र पुढे केले. "टपालाची सही तरी खरी आहे ना?"

त्याने खोटे बोलून पाहावे असा एक क्षण आला आणि गेला. "तिकडे सह्या करणारी यंत्रं असतात. रेषेच्या आरंभी आणि शेवटी शाईचा जाड ठिपका, मधला दाब सगळीकडे सारखा. ही तशीच आहे. माणसाचा हात तिला लागलेला दिसत नाही."

"म्हणजे अण्णांनी यंत्राची नक्कल केली," नीलांबरी म्हणाली. "निदान तो एक श्री तरी माणसाचा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात शोकसभा भरली. श्रीमंतरावांनी 'कै. दत्तोपंत निसळ अंतराळ दालन' अशी पाटी रंगवून आणली होती. रंग अजून ओला होता. ते बोलले, हेडमास्तर बोलले. मग नीलांबरी उभी राहिली. कोरड्या आभाळाखाली सारे गाव बसले होते, मागे खडीच्या कामावरून आलेल्या बायका.

"माझ्या वडिलांना मुंबईत सही मिळाली नाही," ती म्हणाली. "ती त्यांनी घरी बसून गिरवली. ते उघड होणार म्हणून त्यांनी जीव दिला. गहिनीनाथ त्यांचं पाप स्वतःवर घ्यायला आला होता. त्यांनी घेऊ दिलं नाही. मीही घेऊ देणार नाही."

पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. मग मागून कोणीतरी म्हणाले, "बापाची राख निवली न्हाई अजून!" आणि ते वाक्य माणसांवरून माणसांवर पसरत गेले. श्रीमंतराव पाटी उलटी करून भिंतीशी ठेवीत होते; ओला रंग त्यांच्या बोटांना लागला.

दुपारी घोलपने चौकीचे दार उघडले. शामकांतने आपले निवेदन लिहून दिले होते. गहिनीनाथ बाहेर आला आणि पायरीखाली उभ्या असलेल्या नीलांबरीला पाहून थांबला.

"ताई, मास्तर काल एकदा मेले हुते," तो म्हणाला. "आज तुमी त्यांना पुन्यांदा मारलं."

"हो," नीलांबरी म्हणाली. "तुझी आई उन्हात उभी आहे. जा."

साळूबाईने मुलाचे मनगट धरले आणि रस्ता संपेपर्यंत सोडले नाही. त्याने मागे वळून पाहिले नाही. तिने एकदा पाहिले.

शामकांतची एस.टी. सुटायला अवकाश होता. तो नीलांबरीला सोबत म्हणून घरापर्यंत गेला. डोणीपाशी फरशीवर काळा डाग वाळला होता आणि घरातल्या रांजणात पाणी नव्हते. ती बादली घेऊन मालनबाईंच्या दारात गेली. आतून बांगड्या वाजल्या, पावले जवळ आली, आणि दाराला कडी लागली.

नीलांबरी क्षणभर उभी राहिली. मग तिने रिकामी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि पुढच्या दाराकडे वळली.